झमकू लखारीण गढावर राहायला गेली

झमकू माझी थोरली जाऊ. मी या घरात नवी नवरी होऊन आले तेव्हा लाखेचा चुडा माझ्या हातात तिनंच चढवला, आणि मी हात आखडला म्हणून एक चापटही दिली. "हाड मोठं आहे पोरीचं," असं सासूबाईंना सांगून मला म्हणाली, "रडू नको लाडी. चुडा फुटला तर दुसरा करू, घरात लाखेला काय तोटा?" आज माझं डोकं पांढरं झालं, मी आजी झाले, तरी तिच्या तोंडी मी लाडी, म्हणजे नवी नवरीच. आणि ती माझी भाभीसा.

आमचं दुकान भाकरोलच्या गढाच्या पायथ्याशी, बाजारात शिरताना डाव्या हाताला. पुढं दुकान, मागं घर. माझे थोरले दीर चतरूजी लाख तापवून मळायचे आणि भाभीसा निखाऱ्यावर ती वळून तिच्या बांगड्या करायची. सगळा जन्म तापलेली लाख दाबून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत, रेषा म्हणून उरली नाही. त्यामुळे रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, "ठसा नाही तर धान्य नाही." भाभीसा रिकामी पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या वजनकाट्याशेजारी बसली. गिऱ्हाईक येई, जाई, ही आपली बसलेली. जेवायच्या वेळी घरून भाकरी मागवली आणि तिथंच खाल्ली. संध्याकाळी तो वैतागून म्हणाला, "अहो, उठा आता, मला शटर ओढायचंय." ही म्हणाली, "ओढ. मी आत आहे, मला काही भीती नाही." दुसऱ्या दिवशी डोळ्यांवरून ओळखणारं यंत्र आलं. पोलिसात नको, पंचायतीत नको, आवाजही चढवायचा नाही. तिचा हट्ट असा बसका होता.

तिला एकच मुलगा, ओमा. ओमाची बायको संतोष दहावी शिकलेली, गुणी पोरगी, पण दोन वेळा पोट राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. दुसऱ्या वेळी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, कुणाशी बोलेना. तेव्हा भाभीसा गढावर गेली. दुसरा दरवाजा ओलांडला की आत पायविहिरीच्या कडेला एक कडुनिंब आहे आणि त्याच्या बुंध्याशी ओट्यावर आमचे भेरूजी आहेत. शेंदराची पुटं चढून चढून दगड मुळात केवढा होता ते कुणालाच ठाऊक नाही. गढ ठाकूरांचा होता त्या वेळी कुणी जवळून, कुणी दुरून, पण गावातल्या प्रत्येक घरच्या लेकराचं पहिलं जावळ तिथंच उतरायचं. माझ्या मुलांचं तिथंच उतरलं, ओमाचंही.

भाभीसानं ओट्याला डोकं टेकलं आणि म्हणाली, "भेरूजी, माझ्या सुनेच्या पदरात लेकरू घाला. मी स्वतः त्याला जावळासाठी तुमच्यापुढं बसवीन. तोवर माझ्या तोंडात गुळाचा खडा जायचा नाही."

आमच्याकडं गूळ सोडणं म्हणजे काय ते आमच्या लोकांनाच कळेल. सण गुळाचा, पाहुणचार गुळाचा, थंडीत बाजरीच्या भाकरीवर तूप आणि गूळ. तिनं सोडला.

पुढल्या पौषात संतोषला मुलगी झाली. जसोदा. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि डोक्यावर असं काळंभोर जावळ की सुईणही हसली. शेजारची सुंदरबाई म्हणाली, "मुलगीच झाली की गं. मग आता जावळाचं काय एवढं? घरीच कातरा."

भाभीसानं भट्टीवरून मान वर केली. "मी भेरूजींकडं लेकरू मागितलं होतं. त्यांनी लेकरू दिलं. आता तुला काय मोजून दाखवू?"

पण त्याच वर्षी गढ गेला. म्हणजे जागेवरच होता, पण धाकट्या ठाकूरसाहेबांनी तो जयपूरच्या एका कंपनीला हॉटेलसाठी लिहून दिला. आधी आम्हाला आनंदच झाला. पडके बुरूज बांधून निघाले, वटवाघळं गेली, गावातल्या किती तरी पोरांना काम लागलं. मांगीलाल दमामी, ज्याचा बाप ठाकूरांच्या दारात नगारा वाजवायचा, त्याला त्याच दारात पाहुण्यांसाठी नगारा वाजवायची नोकरी मिळाली. न्हाव्याच्या कैलासला आतल्या सलूनमध्ये घेतलं. काम चालू होतं तोवर आत जाता येत नव्हतं, ते आम्ही समजून घेतलं. मग दिवे लागले, गाड्या आल्या, गढ उघडला. आणि आम्हाला कळलं की तो आमच्यासाठी उघडलाच नाही.

जसोदाला तिसरं वरीस लागलं होतं. तिसऱ्यात जावळ उतरायलाच हवं. केस कमरेपर्यंत आलेले, उन्हाळ्यात त्यात घामोळं आणि उवा. विंचरायला घेतलं की पोरगी गाव गोळा करायची. एका रविवारी भाभीसानं नवा ओढणा घेतला, ताटात नारळ, तेल, शेंदूर ठेवला, आणि आम्ही वर चढलो.

दारावर मोडसिंग होता. आमच्याच गावचा, आता खाकी पगडी आणि पितळी बिल्ला लावलेला.

"काकीसा, आत सोडायची ऑर्डर नाही."

"मी काय दारूगोळा आणलाय? नारळ आहे."

"मला दिसतंय. पण आत पाहुणे असतात."

"मोडसिंग, तुझं जावळ आतच उतरलं. मी होते तिथं. न्हाव्याला चावला होतास."

मोडसिंगचे कान लाल झाले. "काकीसा, लाज नका काढू. नोकरी आहे माझी. मी साहेबांना बोलावतो."

साहेब आले. हॉटेलचे मॅनेजर, नेगी नावाचे, दूर उत्तरेकडचे, तरुण, गोड बोलणारे. त्यांनी हात जोडले. "माताजी, भेरूजींची जागा आता पोहायच्या तलावापाशी येते. तिथं तेल सांडलं, केस पाण्यात गेले तर पाहुणे तक्रार करतात. आम्ही तुमच्यासाठी बाहेर, गाड्या लावतो तिथं भिंतीजवळ, छान संगमरवरी मूर्ती बसवून देतो."

"मला झमकूबाई म्हणा. आणि मूर्ती तुम्ही बसवाल, भेरूजी कोण बसवणार?"

नेगींनी पुन्हा हात जोडले. आम्ही परत आलो.

तिनं जोधपूरला धाकट्या ठाकूरसाहेबांना फोन लावायला लावला. ते म्हणाले, "काकीसा, हुकूम करा म्हणालात तर मी काय करू? लिहून दिलंय, माझ्या हातात काही उरलं नाही." मग गावची चार मोठी माणसं चौथऱ्यावर बसली. त्यांचं म्हणणं पडलं, गढावरचा एक दगड मागून आणू, बाहेर लिंबाखाली मांडू, देव मानण्यात आहे. चतरूजीही घरी हळूच म्हणाले, "मुलीचे हाल होतायत गं. मांडू देत बाहेर."

"मांडू देत," भाभीसा म्हणाली. "त्यांनी तिथं नवस केला असेल तर तिथं फेडावा. मी जिथं बोलले तिथं जाणार."

ती दुसऱ्या रविवारी पुन्हा गेली. तिसऱ्या रविवारीही. मोडसिंग तिला लांबून बघितलं की पगडी सावरायचा. बाजारात लोक हसायला लागले. "काय झमकूबाई, आज साहेबांनी चहा पाजला की नाही?" ती म्हणायची, "पाजतील. अजून ओळख व्हायचीय."

चौथ्यांदा नेगी साहेबांचाही धीर सुटला. "झमकूबाई, मी तुम्हाला किती वेळा सांगू? तो भाग फक्त इथं राहणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे."

भाभीसानं ताट खाली ठेवलं. "म्हणजे जो इथं राहील त्याला भेरूजींपाशी जाता येतं?"

"हो, अर्थातच. पाहुणे कुठंही फिरू शकतात."

"मग आम्ही राहू."

नेगी हसले. मोडसिंगही हसला. मलाही घुंघटाआड हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण खाली उतरताना भाभीसाचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं. रेशनच्या दुकानात बसली होती तेव्हा असाच होता.

घराचं छप्पर गळत होतं, त्यासाठी लग्नसराईच्या चुड्यांचे पैसे बाजूला ठेवले होते. ती चतरूजींना म्हणाली, "छप्पर आणखी एक पावसाळा काढेल." त्यांनी मळायची लाख खाली ठेवली. मग म्हणाले, "मी भांडी लावीन गळतीखाली." एवढंच. त्यांचा होकार असाच असतो.

ज्येष्ठातल्या उन्हात गढावर कोण येतंय? त्या महिन्यात भाडं उतरतं. संतोषनं मोबाईलवर जनानखान्यातली मोठी खोली शोधली, तीन मोठी माणसं आणि एक लेकरू चालेल अशी. ओमानं गढाच्या दारात जाऊन विचारलं तर "सगळं भरलंय" म्हणाले, आणि आत एकच गाडी उभी होती. मग पालीला राहणाऱ्या माझ्या मुलीनं, रेखानं, मोबाईलवरून बुकिंग केलं. मोबाईलनं नाव विचारलं, पैसे घेतले, आणि "आपलं स्वागत आहे" म्हणाला.

ठरलेल्या शनिवारी दुपारी आम्ही निघालो. भाभीसा, संतोष, मी, आणि संतोषच्या कडेवर जसोदा. घरापासून गढाचं दार हाकेच्या अंतरावर. तरी भाभीसानं जीप केली. "पाहुणे चालत येतात का?" म्हणाली. सगळा बाजार दुकानाबाहेर येऊन उभा होता.

जीप दारात थांबली. मोडसिंगनं आधी जीपमध्ये पाहिलं, मग हातातल्या कागदावर, मग पुन्हा जीपमध्ये. "काकीसा..."

"सलाम कर," भाभीसा म्हणाली. "सगळ्यांना करतोस ना?"

त्यानं केला. चांगला कडक. आणि वर झरोक्यात बसलेल्या मांगीलालनं नगाऱ्यावर टिपरी टाकली. दर पाहुण्याला तो दोन-चार ठोके द्यायचा. त्या दिवशी त्याच्या हाताला काय झालं कुणास ठाऊक. खालच्या बाजारात पोरं नाचायला लागली तरी तो थांबेना. शेवटी नेगी साहेबांनी वर हात केला तेव्हा थांबला.

नेगी साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण बुकिंग पक्कं होतं. एका मुलीनं आम्हाला कुंकू लावलं, गुलाबाचं सरबत दिलं. टेबलामागच्या पोरानं आधार कार्ड मागितलं आणि पत्ता वाचून अडखळला. "गाव भाकरोल, गढाखाली. म्हणजे... इथंच?"

"हो," भाभीसा म्हणाली. "प्रवास बरा झाला."

खोली म्हणजे पूर्वीचा जनान्यातला मोठा महाल. भाभीसा उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. नवी सून असताना ती सासूबाईंबरोबर शेगडी घेऊन इथं येत असे. ठाकूरघरच्या सुना आत गालिच्यावर, आणि आमच्या बायका उंबऱ्याबाहेर. हात तेवढा आत घालून चुडा चढवायचा. "इथं बसायचे मी," तिनं मला पायानं जागा दाखवली आणि आत गेली. आत जाऊन पलंगावर बसली. मग उठून खुर्चीवर बसली. मग झरोक्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "लाडी, इकडं ये. आपलं घर बघ."

आपलं घर मी वरून कधी पाहिलंच नव्हतं. केवढंसं होतं. गच्चीवर पापड वाळत होते, आणि चतरूजी कपाळावर हात धरून वर बघत उभे होते. मी सवयीनं घुंघट ओढला. संतोष खळखळून हसली. "काकीसा, तिथून त्यांना तुमचं नाकसुद्धा दिसणार नाही!" किती तरी दिवसांनी ती पोरगी अशी हसली.

जेवायला मी घरून भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून आणली होती. म्हटलं, खोलीत बसून खाऊ, कोण बघतंय. भाभीसानं गाठोडं सोडूच दिलं नाही. "पैसे भरलेत. लपून खायचं नाही." मग आम्ही झुंबराखाली बसलो. तिथं पितळी ताटात केर-सांगरीची भाजी, कढी, बाजरीची भाकरी आली. भाभीसानं चव घेतली. "चांगलं आहे. आपल्यापेक्षा तिखट कमी आणि ताट जड." वाढणारा पोरगा आमच्याच शेजारच्या वाडीचा. तो पाठ फिरवून हसत होता.

तिनं नेगी साहेबांना तिथंच बोलावून घेतलं. "सकाळी मला लापशी लागेल. गुळाची. आणि न्हावी लागेल."

"न्हावी?"

संतोषनं खोलीतलं कार्ड पुढं केलं. त्यावर छापलं होतं, केस कापायची सोय पाहुण्यांच्या इच्छेप्रमाणं सलूनमध्ये, खोलीत किंवा तलावाकाठी. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

नेगी साहेबांनी कार्डाकडं पाहिलं, मग भाभीसाकडं. "झमकूबाई, तुम्ही सगळं ठरवूनच आलात."

"साहेब, रीतसर आलेय. तेल-शेंदूर सोडून बाहेरून काही आणलं नाही. तुमचाच न्हावी, तुमचीच लापशी, तुमचीच खोली. भेरूजी तेवढे आमचे."

रविवारी ऊन तापायच्या आत आम्ही तिथं गेलो. पायविहिरीच्या जागी निळ्या फरशीचा तलाव, भोवती लांब खुर्च्या. कडुनिंब होता. बुंध्यापुढं झाडांच्या मोठ्या कुंड्या लावलेल्या, आणि कुंड्यांमागं ओट्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत. भेरूजी टॉवेलांआड.

मला वाटलं, आता ही फुटणार. ती ओट्यापाशी गेली. टॉवेल दोन्ही हातांनी उचलले आणि तिथल्या पोराकडं दिले. "हे तुमचे." मग एकेक कुंडी सरकवू लागली. जड होत्या. संतोष धावली, मी धावले. आणि दारावरची जागा सोडून मोडसिंग आला, बिल्ला खिशात घातला, आणि एका दमात उरलेल्या कुंड्या बाजूला केल्या. मग बिल्ला लावून दारावर परत गेला.

कैलास सलूनचा पांढरा कोट घालून आला. वस्तरा नवा होता, पण बसला बापासारखाच, एक गुडघा वर करून. केस झेलायचा मान आत्याचा. ओमाला सख्खी बहीण नाही, आणि माझ्या रेखाला दिवस गेलेले, म्हणून तिच्या वतीनं मी ओढणीचा पदर पसरून बसले. जसोदा आईच्या मांडीवर. पहिली बट पडली आणि पोरीनं असा टाहो फोडला की तलावाकाठच्या अहमदाबादच्या कुटुंबातली सून उठून उभी राहिली.

"मॅनेजर! हे काय चाललंय? आम्ही शांततेसाठी आलोय!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून ढोल वाजला. आत यायची परवानगी नव्हती म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका गढाच्या भिंतीला लागून बाजारात उभ्या राहिल्या होत्या, आणि भेरूजींची गाणी म्हणत होत्या. सुंदरबाईचा आवाज सगळ्यांत वर.

नेगी साहेब धावत आले. "झमकूबाई, ढोल बंद करायला सांगा!"

"साहेब, तो बाजारात वाजतोय. बाजार कंपनीला दिलेला नाही."

अहमदाबादच्या सुनेची सासू, म्हातारी, पांढऱ्या साडीतली, इतका वेळ छत्रीखाली बसली होती. ती काठी टेकत आली. सुनेला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं जावळ उतरलं तेव्हा याहून जास्त रडला होता. खाली बस." आणि स्वतः ओट्यापुढं वाकून हात जोडून उभी राहिली.  एकही केस खाली पडणार नाही असं भाभीसानं आदल्या रात्री नेगी साहेबांना कबूल केलं होतं, आणि एकही पडू दिला नाही मी.

डोकं चकोट झाल्यावर जसोदा गप्प झाली. हातानं चाचपून बघू लागली. भाभीसानं तेल वाहिलं, शेंदूर लावला, हळू हातानं, जसा चुड्यावर रंग देते तसा. मग लापशी आली. आचाऱ्यानं त्यात काजू आणि केशर घातलं होतं. भेरूजींना काजूचा नैवेद्य पहिल्यांदाच मिळाला असावा. तो दाखवून झाला आणि तिनं एक घास आपल्या तोंडात घातला. साडेतीन वर्षांनी गूळ. ती लगेच गिळेचना. डोळे मिटून तोंड हलवत राहिली.  

निघायच्या वेळी नेगी साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "राहणं कसं झालं?"

"गादी फार मऊ, माझी कंबर धरली. पाणी गार. माणसं चांगली. रविवारी सकाळी मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा उघडा ठेवलात तर काही उणं नाही."

"ते माझ्या हातात नाही. जयपूरला विचारावं लागेल."

"विचारा. पुढच्या रविवारी सुतारांचा नातू येतोय. बुकिंग केलंय."

आणि तो आला. तीन घरांनी मिळून एक खोली घेतली होती. त्याच्या पुढं कुंभार आले, मग माळी आले. आषाढभर दर रविवारी नगारा, सरबत, कैलासचा वस्तरा आणि भिंतीबाहेर ढोल. ओट्यावर पुन्हा टॉवेल दिसले नाहीत. पण दसऱ्यानंतर परदेशी पाहुणे यायला लागले आणि भाडी अशी चढली की तीन काय, दहा घरं मिळूनही खोली घेता येईना. जावळं थांबली. ज्यांना पूर्वी ओट्याजवळ येऊ देत नसत त्या मेघवाळांच्या वस्तीतली गीगी आपलं वर्षाचं पोर घेऊन दुकानात आली. "झमकूकाकी, आमची जावळं तर पूर्वीही लांबूनच उतरायची. आता लांबूनही नाही."  भाभीसानं निखारे विझवले, हात पुसले, आणि तिला घेऊन वर गेली.

त्या दिवशी जयपूरचे मोठे साहेब आलेले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी दोघींना बसवलं, चहा दिला. "पाहुण्यांना हा विधी फार आवडतो. आम्ही असं करतो. दर रविवारी सकाळी एका कुटुंबाला आत घेऊ. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडू, फोटो काढू. कुटुंबाला मानधन, गाणाऱ्या बायकांना मानधन."

गावात ही बातमी आली तेव्हा किती जण खूश झाले. मीसुद्धा म्हटलं, "भाभीसा, काय वाईट आहे? दार उघडतंय, वर चार पैसे."

ती म्हणाली, "लाडी, संतोष त्या दिवशी मांडीवर पोर घेऊन बसली होती, तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं ते तू पाहिलंस, मी पाहिलं. ते फोटोवाल्यांना विकायचं?" मग म्हणाली, "आणि खुर्च्या मांडल्या की साहेब सांगणार, आज पाहुणे कमी आहेत, येऊ नका. आज पोर गोरं नाही, दुसरं आणा."



तिनं मोठ्या साहेबांना नको म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "मग दार बंदच राहील." भाभीसा खाली आली ती थेट मांगीलालकडं. त्याची नात सात महिन्यांची होती. मग कैलासकडं, मग स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांकडं. तिनं कुणाला काही करा म्हणून सांगितलं नाही. प्रत्येकाला एवढंच विचारलं, "तुझ्या घरचं जावळ कुठं उतरवणार?"

पुढच्या रविवारी गढावर परदेशी पाहुण्यांची मोठी बस आली आणि नगारा वाजला नाही. मांगीलाल नगाऱ्यापाशी बसला होता, टिपऱ्या मांडीवर. नेगी साहेब वर चढले. तो म्हणाला, "साहेब, इतर दिवशी वाजवतो. पण रविवारी ज्या दारातून माझी नात जाऊ शकत नाही, त्या दारावर माझा हात उठत नाही." सलूनला कुलूप होतं. सकाळच्या न्याहारीला भाकऱ्या थापायला बाई नव्हती. दारावर मात्र मोडसिंग होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी ड्यूटीवर आहे साहेब. पण आज दिंडी दरवाज्याची कडी जरा ढिली वाटतेय."

नेगी साहेबांनी जयपूरला बराच वेळ फोन केला. काय बोलले ते ठाऊक नाही. माणूस वाईट नव्हता, बहुतेक त्यालाही या रोजच्या हात जोडण्याचा कंटाळा आला असावा. पुढच्या आठवड्यात ते स्वतः आमच्या दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि म्हणाले, "रविवारी सकाळी, दिंडी दरवाज्यातून. बुरुजावर ऊन येईपर्यंत. खुर्च्या नाहीत. फोटो काढायचा तर आईला विचारून."

"आणि ढोल?" भाभीसानं विचारलं.

नेगींनी डोळे मिटले. "एक ढोल."

"एकच असतो," ती म्हणाली, आणि चतरूजींना चहा टाकायला सांगितला.

पहिल्या रविवारी पहिलं पोर गीगीचं होतं. भाभीसानं त्यांना पुढं घातलं, ओट्याला हात लागेल इतकं जवळ बसवलं. गावातल्या दोघा-तिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तिकडं तिनं पाहिलं नाही.

आता लांबलांबच्या वाड्यांतून लोक येतात. भाभीसाला वर चढायला धाप लागते, तरी रविवारी ती दाराशी दगडावर बसलेली असते आणि मोडसिंगशी कशावरून तरी भांडत असते. परवा डोंगराकडची एक भिल्लीण कडेवर लेकरू घेऊन आली. एवढं मोठं दार, एवढ्या गाड्या बघून बिचारी लांबच थबकली. मग भाभीसाजवळ येऊन हळूच विचारलं, "आई, तिकीट कुठं मिळतं?"

"तिकीट नाही," भाभीसा म्हणाली. "जा आत. डोकं सांभाळ फक्त, दार बुटकं आहे."